जमिनीत सापडलेली ही धातूची वस्तू कसली असावी?

मूळ धागा

पायासाठी खड्डा खणताना साधारण एक मीटर खोलीवर धातूची एक वस्तू सापडली आहे. ती ओळखण्यासाठी येथील जाणकारांची मदत हवी आहे. वस्तू भरीव असून खाली निमुळत्या होत गेलेल्या खुंटासारखी दिसते. तिची एकूण लांबी ९२ मिलिमीटर आहे. त्यांपैकी मधला निमुळता भाग ६२ मिलिमीटरचा असून त्याचा व्यास जाड टोकाला ३८ आणि बारीक टोकाला २९ मिलिमीटर भरतो. जाड टोकावर २० मिलिमीटर बाजूचे चौकोनी डोके आहे. बारीक टोकाला एक आखूड दांडा आहे, पण त्यावर माती आणि कळंक इतके घट्ट बसले आहेत की खाली काय आहे ते कळत नाही. निमुळत्या भागाच्या मधोमध एक उभट छिद्र आहे. ते मातीने भरलेले असले तरी त्याच्या कडा दोन्ही बाजूंना स्पष्ट दिसतात.

पृष्ठभाग हिरवा आहे, काही ठिकाणी तांबूस डाग आहेत. डोक्याच्या एका कोपऱ्याला कुदळीचा घाव बसला आहे आणि तेथे आतला धातू पिवळा दिसतो. लोहचुंबक चिकटत नाही. ही वस्तू कशाची असावी, किती जुनी असावी आणि ती स्वच्छ करावी की नाही, याविषयी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

वर्णनावरून ते तोलण्याचे जुने वजन असावे असे वाटते. वजनांना दोरी ओवण्यासाठी छिद्र ठेवलेले असते. भाल्याच्या काठीच्या खालच्या टोकाला बसवण्याचा भाग, ही दुसरी शक्यता. मात्र तो भाग पोकळ असतो आणि आपण वस्तू भरीव असल्याचे लिहिले आहे, त्यामुळे मी वजनाच्या बाजूने आहे.

प्रतिसाद २

ओळख पटवण्याआधी सुरक्षिततेचा एक प्रश्न निकाली काढायला हवा. पितळी, निमुळती आणि बुडाशी दांडा असलेली वस्तू जमिनीतून निघाली, तर ती तोफगोळ्याच्या टोकावर बसवण्याचा फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी यंत्रणा, असण्याची शक्यता प्रथम तपासावी. फ्यूजवर बहुधा आकडे कोरलेली फिरती कडी असते आणि बुडाशी आटे असतात. अशी वस्तू हलवू नये, ठोकू नये, तापवू नये आणि उघडण्याचा प्रयत्न तर मुळीच करू नये. जागा सोडून पोलिसांना कळवावे. पहिल्या महायुद्धातील न फुटलेले गोळे फ्रान्स आणि बेल्जियममध्ये आजही दरवर्षी नांगरणीत वर येतात. शंभर वर्षे जमिनीत राहिल्याने स्फोटक निकामी होते असे कोणीही गृहीत धरू नये.

आपल्या वस्तूवर आकडे कोरलेली कडी आहे का, आणि ते छिद्र खरोखर आरपार आहे का, एवढेच आधी सांगावे. तोपर्यंत मातीत काडीसुद्धा घालू नये.

धागाकर्ता

कोणतीही कडी किंवा आकडे दिसत नाहीत. वस्तू एकाच तुकड्याची आहे, कोठेही जोड नाही. छिद्रातील थोडी माती वाळून आपोआप गळाली आणि आता पलीकडचा उजेड दिसतो.

प्रतिसाद २ देणारे

मग माझी शंका फिटली. मध्यातून आरपार मोकळा असलेला एकसंध खुंट फ्यूज असू शकत नाही. तरीही त्याच खड्ड्यात आणखी काही निघाले तर हाच नियम पुन्हा पाळावा.

प्रतिसाद ३

वस्तूइतकीच, किंबहुना तिच्याहूनही अधिक, माहिती ती ज्या मातीत होती त्या मातीत असते, म्हणून माझे प्रश्न वस्तूविषयी नाहीत. ती ज्या थरात होती तो थर सलग होता की पूर्वी कधी खणून भरलेला दिसत होता? त्या मातीत खापरे, विटा, काच, हाडे, कोळसा, खिळे यांपैकी काय होते? वस्तू उभी होती, आडवी होती की भरावात कशीही पडलेली होती? खड्ड्याची भिंत अजून उघडी असेल तर शेजारी मोजपट्टी ठेवून तिचे छायाचित्र आजच घ्यावे, कारण एकदा खड्डा बुजला की ही उत्तरे कायमची जातात.

याचे महत्त्व महाराष्ट्रातील दायमाबाद या प्राचीन वसाहतीच्या उदाहरणावरून कळते. १९७४ साली तेथे झाडाचे मूळ खणताना चार अप्रतिम धातुशिल्पे सापडली: बैलजोडीचा रथ, म्हैस, हत्ती आणि गेंडा. चारही मिळून वजन ६० किलोंच्या घरात आहे. पण ती शास्त्रीय उत्खननात, ठरावीक थरातून निघालेली नव्हती. पुढे त्याच जागी रीतसर उत्खनन झाले आणि वसाहतीचे अनेक कालखंड उलगडले, तरी ही शिल्पे नेमक्या कोणत्या काळातील याबद्दल अभ्यासकांमध्ये मतभेद राहिले. धातूतील आर्सेनिकच्या प्रमाणावरून काहींनी शंका घेतली, तर काहींनी शैली आणि परिसर यांवरून त्यांना उत्तर हडप्पा, म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या अखेरच्या, काळाशी जोडले. थर नोंदलेला असता तर वादाला एवढी जागाच उरली नसती.

जर्मनीतील नेब्रा येथील आकाशचक्रिकेची, म्हणजे सूर्य, चंद्र, तारे दाखवणाऱ्या ब्राँझच्या प्राचीन चकतीची, गोष्ट याच्या उलट दिशेने जाते. १९९९ साली चोरून खणणाऱ्यांनी ती काढली, तिच्या कडेला इजा केली आणि ती विकली. २००२ साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ती पोलिसांच्या हाती लागली. त्यानंतर ती मुळात कोठून निघाली हे ठरवताना तिच्यावर चिकटून राहिलेली माती हाच एक मुख्य पुरावा ठरला. ती माती कोणी घासून टाकली असती, तर सुमारे ३६०० वर्षांपूर्वीच्या मानल्या जाणाऱ्या त्या चक्रिकेचे मूळ स्थान सिद्ध करणे फार अवघड झाले असते. म्हणून छिद्रातून गळालेली माती फेकू नये, छोट्या पिशवीत भरून तिच्यावर तपशील लिहून ठेवावा.

प्रतिसाद ४

स्वच्छतेच्या प्रश्नाचे उत्तर देतो, कारण बहुतेक वस्तूंचे नुकसान जमिनीत असताना होत नाही, बाहेर काढल्यावर पहिल्याच आठवड्यात होते. तारेचा ब्रश, सँडपेपर, लिंबू-चिंचेसारखे आंबट पदार्थ, व्हिनेगर, बाजारातील पॉलिश यांपैकी काहीही वापरू नये. तांबे आणि तांब्याच्या मिश्रधातूंवर जमिनीत जो थर तयार होतो, त्यात सर्वांत आत बहुधा लाल रंगाचे क्युप्राइट आणि त्यावर हिरवे मॅलाकाइट असते. वस्तूचा मूळ पृष्ठभाग, म्हणजे कोरीव रेषा, कानशीचे ओरखडे, ठसे, हे पुष्कळदा या थरांतच जपलेले असतात. थर काढून चकचकीत धातू उघडा केला की तो पृष्ठभाग कायमचा जातो.

मऊ ब्रश आणि बांबूची किंवा लाकडाची टोकदार काडी एवढी साधने पुरेत. सुटी होणारी माती तेवढीच काढावी. जी सुटत नाही ती राहू द्यावी. हिरव्या रंगातही फरक करायला शिकावे. गडद, गुळगुळीत आणि घट्ट हिरवा थर असेल तर काळजीचे कारण नाही. फिकट हिरवी, भुकटीसारखी आणि बोटाला लागणारी पूड ठिपक्याठिपक्यांनी उमटत असेल, तर तो ब्राँझचा रोग समजावा. त्यात मातीतील क्षारांमुळे तयार झालेले तांब्याचे क्लोराइड हवेतील ओलावा आणि प्राणवायू यांच्याशी संयोग पावते, त्यातून आम्ल सुटते, ते आम्ल नवीन धातू खाते आणि पुन्हा क्लोराइड तयार होते. असे चक्र चालू राहून वस्तू पोखरली जाते. यावर पहिला उपाय म्हणजे कोरडेपणा: घट्ट झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून आतील सापेक्ष आर्द्रता ३५ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली ठेवावी. पुढचे रासायनिक उपचार संवर्धनतज्ज्ञांवर सोपवावेत.

प्रतिसाद ५

वस्तू जुनी आहे की जुनी दिसते आहे, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गंज किती जाड आहे यावरून वय कधीही काढू नये. खारट, ओलसर जमिनीत काही दशकांत जो थर चढतो तो कोरड्या, हवाबंद जमिनीत हजार वर्षांतही चढत नाही.

कॅलिफोर्नियात १९६१ साली काही खनिजसंग्राहकांना दगडासारख्या गोळ्यात अडकलेली एक वस्तू सापडली. गोळा लाखो वर्षांपूर्वीचा आहे असे मानून त्या वस्तूभोवती अतिप्राचीन यंत्राच्या कथा रचल्या गेल्या. १९९९ साली तिची क्ष-किरण चित्रे स्पार्क प्लग जमवणाऱ्या संग्राहकांना दाखवली, तेव्हा त्यांनी तो १९२० च्या दशकातील चॅम्पियन बनावटीचा प्लग असल्याचे निःसंशय सांगितले. दगड वाटणारा गोळा म्हणजे गंजलेल्या लोखंडाभोवती घट्ट झालेली माती होती. मला या प्रसंगातून घेण्यासारखे वाटते ते असे की, ती वस्तू अखेर ओळखली ती तशा वस्तू रोज हाताळणाऱ्यांनी. त्यामुळे वस्तू यंत्राचा भाग असण्याची शक्यता असेल, तर नाणी आणि मूर्ती जाणणाऱ्यांइतकेच लेथवर, म्हणजे धातू फिरवून कातण्याच्या यंत्रावर, काम केलेल्या लोकांनाही विचारावे.

वयाची निदान एक सीमा बनावटीवरून ठरवता येते. वस्तू ॲल्युमिनियमची असेल तर ती एकोणिसाव्या शतकाच्या आधीची असूच शकत नाही, कारण हा धातू १८२५ मध्ये प्रथम वेगळा झाला आणि १८८६ नंतरच स्वस्त झाला. स्टेनलेस स्टील १९१३ च्या सुमाराचे. पितळात जस्ताचे प्रमाण किती आहे हेही बोलके असते: जस्ताचे खनिज आणि तांबे एकत्र तापवून पितळ करण्याच्या जुन्या पद्धतीत जस्त साधारण २८ टक्क्यांच्या वर जात नाही. त्याहून अधिक जस्त आढळले तर धातुरूप जस्त वापरलेले असणार.

आपल्या वस्तूवर पुढील गोष्टी भिंगातून पाहाव्यात. ओतकामाची शिवण, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात तेथे उमटणारी बारीक रेघ, कोठे आहे का? निमुळत्या भागावर गोलाकार, एकमेकींना समांतर सूक्ष्म रेषा आहेत का? चौकोनी डोक्याच्या माथ्यावर मध्यभागी लहानसा शंकूसारखा खळगा आहे का? लेथवर वस्तू दोन टोकांमध्ये धरताना असा खळगा पाडतात. रेडिओकार्बनने वय काढण्याचा विचार मात्र सोडून द्यावा. त्या पद्धतीला सेंद्रिय कार्बन लागतो आणि पितळ-ब्राँझमध्ये तो नसतो.

धागाकर्ता

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे फक्त मऊ ब्रश आणि लाकडी काडी वापरली. माती सांभाळून ठेवली आहे.

थर सलग नव्हता. भरावाची माती असून तिच्यात विटांचे तुकडे, दगडी कोळशाची राख आणि जळके खडे होते. वस्तू आडवी पडलेली होती. डोक्याच्या मध्यभागी खळगा आहे. निमुळत्या भागावर गोलाकार रेषा आहेत आणि छिद्राच्या दोन्ही बाजूंना, एकमेकांसमोर, पृष्ठभाग अधिक गुळगुळीत आहे. चौकोनाचे कोपरे झिजून गोलसर झाले आहेत. छिद्र २४ मिलिमीटर उंच आणि १४ मिलिमीटर रुंद असून त्याची वरची व खालची कड अर्धगोल आहे. आतल्या बाजूला पांढरा, कठीण थर आहे. दांडा १५ मिलिमीटर लांब असून त्यावर आटे आहेत, हे आता स्पष्ट झाले.

कोरड्या वस्तूचे वजन ४५२ ग्रॅम भरले. दोऱ्याने टांगून ऊर्ध्वपातित पाण्यात बुडवल्यावर ते ३९९ ग्रॅम भरले. लगेच पुसून पूर्ण वाळवली.

प्रतिसाद ६

आपण दिलेल्या मापांवरून हिशोब असा होतो: वजनातील घट ५३ ग्रॅम, म्हणजे आकारमान ५३ घनसेंटिमीटर, आणि ४५२ ला ५३ ने भागल्यास घनता ८.५ च्या किंचित वर येते. पितळाची घनता साधारण ८.४ ते ८.७, ब्राँझची ८.७ ते ८.९ आणि शुद्ध तांब्याची ८.९६ असते. मात्र वरचा कळंक धातूपेक्षा हलका असतो आणि त्याच्या छिद्रांत हवा अडकते, त्यामुळे मोजलेली घनता खऱ्या धातूपेक्षा थोडी कमी येते. म्हणून या आकड्यावरून पितळ की ब्राँझ हा निवाडा करू नये. लोखंड, बीड आणि शिसे बाद झाले, एवढे नक्की.

वस्तू कसली आहे, याबद्दल मला आता शंका राहिलेली नाही. हा कॉकचा खुंट आहे. पाणी, वाफ किंवा गॅस यांच्या नळीवर बसवायच्या जुन्या पद्धतीच्या तोटीत एक निमुळते घर असते आणि त्यात असा निमुळता खुंट फिरतो. खुंटातील छिद्र नळीच्या रेषेत आले की प्रवाह सुरू होतो, पाव फेरा फिरवला की बंद होतो. चौकोनी डोके पान्याने किंवा मुठीने फिरवण्यासाठी असते, म्हणूनच त्याचे कोपरे झिजलेले आहेत. खालच्या आट्यांवर चकती आणि नट बसवून खुंट घरात खाली ओढून धरतात. झीज होऊन गळती सुरू झाली की नट थोडा आवळायचा. आकार निमुळता ठेवण्याचे कारणही हेच, की झिजल्यावर खुंट आणखी खाली सरकून पुन्हा घट्ट बसतो. आपण पाहिलेल्या गोलाकार रेषा लेथच्या आणि खुंट घरात घोटून बसवतानाच्या असणार. छिद्रातील पांढरा कठीण थर पाण्यातील चुन्याचा असेल, तर ही पाण्याची तोटी होती. खात्री करायची असल्यास त्याचा एखादा कण वेगळा काढून काचेवर त्यावर व्हिनेगरचा थेंब टाकावा. बुडबुडे आले तर तो कार्बोनेट. वस्तूवर थेंब टाकू नये.

प्रतिसाद १ देणारे

हे स्पष्टीकरण प्रत्येक खुणेचा अर्थ लावते, वजनाच्या तर्कात झिजलेले कोपरे आणि आटे बसत नाहीत. मी माझे मत मागे घेतो.

प्रतिसाद ७

ओळख पटली तरी काळ ठरला नाही, हे लक्षात घ्यावे. निमुळत्या खुंटाची तोटी ही आधुनिक कल्पना नाही. रोमन लोक ब्राँझच्या अशा तोट्या शिशाच्या नळ्यांवर बसवत असत. सम्राट कॅलिगुलाच्या काळातील जी प्रचंड जहाजे इटलीतील नेमी सरोवराचे पाणी उपसून १९२८ ते १९३२ या काळात बाहेर काढली, त्यांच्या अवशेषांतही अशी तोटी मिळाली. म्हणजे केवळ आकारावरून बोलायचे तर दोन हजार वर्षांची कक्षा मोकळी राहते. लेथच्या रेषाही पुरेशा नाहीत, कारण वस्तू फिरवून कातण्याची कला फार जुनी आहे. ती कक्षा कमी करण्याचे खरे साधन आपल्याजवळ आहे, आणि ते म्हणजे दांड्यावरील आटे. त्यांचा बाहेरचा व्यास, सहा आट्यांची मिळून लांबी आणि शक्य असल्यास आट्याचा कोन मोजून कळवावा. कोन मोजण्यासाठी आट्यांचे बाजूने मोठे छायाचित्र काढावे आणि ते पडद्यावर मोजावे.

धागाकर्ता

दांड्याचा व्यास १२.६ मिलिमीटर, सहा आट्यांची लांबी १२.७ मिलिमीटर, कोन अंदाजे ५५ अंश. आट्यांचे माथे टोकदार नाहीत, गोलसर आहेत. पांढऱ्या थराचा कण व्हिनेगरमध्ये फसफसला.

प्रतिसाद ७ देणारे

ही मापे निर्णायक आहेत. १२.७ मिलिमीटर म्हणजे नेमका अर्धा इंच. अर्ध्या इंचात सहा, म्हणजे एका इंचात बारा आटे. आणि दांड्याचा व्यासही झीज धरून अर्धा इंचच आहे. अर्ध्या इंचाच्या दांड्यावर इंचाला बारा आटे, ५५ अंशांचा कोन आणि गोल माथे हे ब्रिटिश अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या आट्यांच्या प्रमाणित मापांचे लक्षण आहे. त्याआधी प्रत्येक कारखाना आपल्या मर्जीचे आटे पाडत असे आणि एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टवर बसत नसे. अमेरिकेत १८६४ मध्ये विल्यम सेलर्स यांनी सुचवलेल्या पद्धतीत कोन ६० अंशांचा आणि माथे सपाट असतात. मेट्रिक पद्धतीत १२ मिलिमीटरच्या दांड्यावर नेहमीचे अंतर १.७५ मिलिमीटर असते, म्हणजे सहा आट्यांना १०.५ मिलिमीटर पुरले असते. तिन्हींपैकी पहिलेच माप येथे जुळते.

त्यामुळे ही वस्तू १८४१ च्या आधीची नाही. दुसरे टोक इतके काटेकोर नाही, कारण व्हिटवर्थचे आटे विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत सर्रास वापरात होते आणि दुरुस्तीच्या कामात त्यानंतरही राहिले. भरावातील दगडी कोळशाची राख या काळाशी सुसंगत आहे, पण ती स्वतंत्रपणे काळ सिद्ध करत नाही, कारण भराव दुसरीकडून आणलेला असू शकतो.

प्रतिसाद ८

कायद्याविषयी थोडक्यात लिहितो. जमिनीत सापडलेल्या जुन्या मौल्यवान वस्तूची माहिती प्रशासनाला देणे अनेक देशांत बंधनकारक आहे. भारतात यासाठी १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेले धन) कायदा आहे, आणि १९७२ च्या पुरावशेष कायद्यात साधारणपणे शंभर वर्षांची मर्यादा धरलेली आहे. इंग्लंड आणि वेल्ससाठी १९९६ चा वेगळा कायदा आहे. तोटीच्या खुंटाला निधी म्हणता येणार नाही, तरी त्याच भरावातून नाणी, दागिने किंवा मूर्ती निघाल्या तर आधी कळवावे आणि मगच पुढे खणावे.

प्रतिसाद ६ देणारे

आपल्या मापांतून आणखी एक गोष्ट निघते. छिद्र उभट असले तरी त्याचे क्षेत्रफळ सुमारे २९४ चौरस मिलिमीटर भरते. पाऊण इंच व्यासाच्या गोल नळीचे क्षेत्रफळ २८५ चौरस मिलिमीटर असते. खुंटाची जाडी फार न वाढवता नळीइतकाच मार्ग मोकळा ठेवण्यासाठी अशा तोट्यांत छिद्र मुद्दाम उभट ठेवतात, म्हणून ही तोटी पाऊण इंची नळीवरची होती असे मी समजतो. खणून काढलेली माती अजून जागेवर असेल तर तिच्यात खुंटाचे घर, अर्ध्या इंचाचा नट आणि चकती शोधावी. बाहेरच्या घरावर बनवणाऱ्याचे नाव किंवा माप ओतलेले असण्याची शक्यता खुंटापेक्षा पुष्कळ अधिक असते, आणि तसे नाव मिळाले तर काळ एखाद्या दशकापर्यंत आणता येईल. तूर्त डब्यावरील चिठ्ठीत असे लिहावे: पाण्याच्या कॉकचा खुंट, तांब्याचा मिश्रधातू, बहुधा पितळ, व्हिटवर्थ अर्धा इंच आटे, १८४१ नंतरचा, भरावात, एक मीटर खोलीवर, कोळशाच्या राखेसह सापडला. जागेचा नकाशा आणि सापडल्याची तारीख त्याच चिठ्ठीत असावी.